मेश्राम मॅडम कुणालाच बाहेर काढत नसत

माझ्या नातवाच्या शाळेनं एक ॲप काढलंय. नातू इंग्लंडात बेसिंगस्टोकला दुसरीत आहे, आणि निवृत्तीनंतर मी मुलाकडे राहायला आल्यापासून ते ॲप माझ्याही फोनात घातलेलं आहे. पोरानं हात वर न करता उत्तर दिलं की फोन टुंग करतो, म्हणजे एक गुण वजा. रांगेत शहाण्यासारखा उभा राहिला की टिंग, म्हणजे एक गुण जमा. परवा दुपारी सूनबाई आणि मी जेवायला बसलो होतो, तर लागोपाठ टुंग, टुंग, टुंग. सूनबाईचा चेहरा खर्रकन उतरला. मी म्हटलं, "अगं, मूल आहे ते. जरा वळवळणारच." ती म्हणाली, "बाबा, इथल्या शाळांचं तुम्हाला नाही कळायचं."

इथल्या शाळेत मी उभी हयात काढली, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. पण मेश्राम मॅडमची त्या क्षणी अशी आठवण आली की हातातला घास हातातच राहिला. मॅडमच्या हातात ते ॲप पडलं असतं तर त्यांनी फोन टेबलावर पालथा घातला असता आणि म्हणाल्या असत्या, "भाऊ, हे काहीच्या काही होऊन राहिलंय."

मँचेस्टरच्या एका माध्यमिक शाळेत मी सायन्सचा टेक्निशियन होतो. टेक्निशियननं काय करायचं, तर काचेची भांडी धुवायची, ॲसिडं मोजून ठेवायची आणि मुलांनी पेटवलेलं विझवायचं. माझ्या खोलीला लागूनच गणिताचा वर्ग होता आणि मध्ये भिंतीच्या नावाखाली एक प्लायवूडचा पडदा. त्या वर्गात वंदना मेश्राम आल्या. नागपूरच्या, दीक्षाभूमीजवळच्या वस्तीतल्या. त्यांचे सगळे तास मी त्या प्लायवूडमधून फुकटात ऐकले, आणि साठीला टेकल्यावर माझं बीजगणित एकदाचं पक्कं झालं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या कोटावरची नावाची पट्टी वाचली आणि दारातूनच ओरडल्या, "अरे बाप्पा! कुलकर्णी! मराठी? नमस्कार भाऊ!"

आता, मी पुण्याचा. आमच्याकडे भाऊ म्हणजे चौकातल्या फलकावर हात जोडून उभा असलेला इसम. मी जरा आखडूनच म्हटलं, "नमस्कार. मला कुलकर्णी म्हटलंत तरी चालेल."

"हौ, चालते ना, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि पुढची सगळी वर्षं भाऊच म्हणत राहिल्या.

दिसायला चणीनं छोट्या. अंगात दोन मापं मोठा काळा कोट, पायात स्पोर्ट शूज आणि केसांचा घट्ट अंबाडा, त्यात कायम खोचलेलं एक मार्कर पेन. ते पेन त्या दिवसभर इतरत्र शोधत असत. डब्यात पुडाची वडी, म्हणजे कोथिंबिरीचं झणझणीत सारण भरून तळलेली वडी, आणली की आधी मला देत आणि मी खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बघत बसत. "पुण्याचे लोक ना भाऊ, तिखटाला भिऊन राहिले म्हणून साखर टाकून राहिले," हा त्यांचा सिद्धान्त होता. मी त्यावर काही बोलत नसे, कारण बोलायला तोंड शुद्धीवर नसे.

मेश्राम मॅडमचा वर्ग शांत असायचा असं कुणी तुम्हाला सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो वर्ग लग्नघरासारखा होता. कुणी पट्ट्या वाटतंय, कुणी खिडक्या उघडतंय, कुणी दुसऱ्याला ओरडून अपूर्णांक समजावतंय, आणि मधून मॅडमचा आवाज. तोही गमतीचा. मुलांचा आवाज चढला की मॅडमचा उतरायचा. मुलं आणखी चढली की त्या आणखी खाली, शेवटी नुसते ओठ हलायचे. मग पुढच्या बाकावरची मुलं मागच्यांना दटावायची, "गप्प बसा रे, मिस काहीतरी सांगतायत!" असं म्हणेपर्यंत वर्ग आपोआप खाली यायचा. मी एकदा विचारलं, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकलात? त्या म्हणाल्या, "माझ्या आईकडून. ती ओरडली की आम्ही हसायचो. ती हळू बोलली की घाबरायचो."

तास सुरू व्हायच्या आधी त्या दारात उभ्या राहायच्या. येणाऱ्या प्रत्येक मुलाला नावानं हाक, आणि नावापाठोपाठ काहीतरी चौकशी. आजीचं ऑपरेशन कसं झालं, कुत्रं सापडलं का, केस का कापलेस. मी म्हटलं, एवढ्यांचं लक्षात कसं राहतं? त्या म्हणाल्या, "वर्गात बसायच्या आधी पोट्ट्याला कळायला पाहिजे ना, की त्याची कुणी वाट पाहून राहिलंय. मग कशाला मस्ती करेल?" मस्ती करायचीच मुलं. पण मॅडमच्या तासाला दांडी मारायची नाहीत, एवढं मात्र खरं.

त्यांचा एक आवडता सिद्धान्त अक्षतांचा होता. "आपल्या लग्नात बघा भाऊ, जो पोट्टा सगळ्यात भैताड, पंगतीत धावणारा, मांडवाचे खांब हलवणारा, त्याच्या हातात शहाणी बाई अक्षतांची परात देते. मग तो कसा मिरवतो! एक माणूस चुकू देत नाही." त्यांच्या घरच्या लग्नांत अक्षतांऐवजी फुलं असायची, पण तत्त्व तेच, असंही त्या प्रामाणिकपणे जोडायच्या. थोडक्यात, ज्याचा हात वळवळतो त्याच्या हातात काम द्यायचं. कंपास फेकून मारणाऱ्याकडे कंपासांची पेटी. खिडकीतून हाका मारणारा खिडक्यांचा मालक.

ही पद्धत नेहमी चालायची असं नाही. नववीच्या वर्गात केसी नावाची मुलगी होती. लाल केस, फुटका मोबाइल, तोंड म्हणजे तोफखाना. शाळेतल्या प्रत्येक शिक्षकानं तिला एकदा तरी वर्गाबाहेर काढलेलं होतं. घरी आई आजारी, धाकट्या भावाचं सगळं हीच करायची, त्यामुळे शाळेत येईस्तोवर तिच्यातली सहनशक्ती संपलेली असे. मॅडमनी तिला कॅल्क्युलेटरच्या कपाटाची मालकीण केलं. पहिल्याच आठवड्यात ती कपाट बंद करून किल्ली खिशात घालून घरी गेली. दुसऱ्या दिवशी परीक्षा. अख्खा गणित विभाग कपाटापुढे हात चोळत उभा, आणि केसी डेंटिस्टकडे. शेवटी माझ्या हत्यारांच्या पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर कामी आला.

मला वाटलं, आता मॅडम तिच्याकडून किल्ली काढून घेतील. त्यांनी किल्लीला एक लांब लाल लोकरीची दोरी बांधली आणि केसीच्या गळ्यात घातली. "आता विसरशील कशी?" पुढे केसी एवढी कर्तव्यदक्ष झाली की एकदा हेडमास्तरीणबाई स्वतः कॅल्क्युलेटर मागायला आल्या, तर तिनं त्यांना विचारलं, "परत कधी देणार?"

मॅडमची एक चूक तर शाळेच्या इतिहासात जमा झाली. आल्या आल्या पहिल्याच महिन्यात सातवीतल्या एका मुलानं दुसऱ्याच्या पाठीत पेन्सिल टोचली. मॅडम सवयीनं म्हणाल्या, "कान पकड आणि सॉरी म्हण." इंग्लंडच्या मुलाला कान पकडणं काय ठाऊक? त्यानं जाऊन ज्याला पेन्सिल टोचली होती त्याचे दोन्ही कान पकडले आणि मोठ्या प्रेमानं सॉरी म्हणाला. वर्ग कोसळला. मॅडमना हसू आवरेना. मग त्यांनी स्वतःचे कान धरून दाखवले, असे. झालं! आठवड्याभरात शाळाभर ती फॅशन पसरली. फुटबॉलमध्ये फाउल केला की कान. कँटीनमध्ये धक्का लागला की कान. एका मुलाच्या आईनं फोन करून विचारलं, की आमचा मुलगा घरी कान धरून उभा राहतो, त्याला कानाचं इन्फेक्शन झालंय का? मॅडमना ऑफिसात बोलावणं आलं. त्या परत आल्या त्या कपाळाला हात लावून. "भाऊ, तीस वर्षांपूर्वी गुरुजी माझे कान पिळायचे, तेव्हा कुणाला फोन करावा हे कुणाच्या आईला सुचलं नाही."

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. मग मिस्टर हॉल्डन आले.

हे नवे डेप्युटी हेड. वय पस्तिशीच्या आत, कोट इस्त्रीचा, बूट असे की त्यात भांग पाडावा. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. आधीच्या शाळेत पोरं शिक्षकांच्या अंगावर धावून जायची आणि ती शाळा यांनी कडक नियमांनी ताळ्यावर आणली होती. ज्या औषधानं एकदा गुण येतो ते माणूस सगळ्यांना पाजतो. त्यांनी आल्याबरोबर नवी पॉलिसी आणली. पहिली चूक, की फळ्यावर नाव. दुसरी चूक, की नावापुढे फुली. तिसरी चूक, की वर्गाबाहेर, थेट कॉरिडॉरच्या टोकाच्या 'रीसेट रूम'मध्ये. तिथं भिंतीकडे तोंड करून बसायचं. सगळ्या शिक्षकांनी सगळ्या वर्गांत हेच करायचं, म्हणजे मुलांना नियम एकच राहील. ऐकायला वाजवी होतं. मलाही पटलं होतं.

पण मेश्राम मॅडमच्या फळ्यावर एकही नाव चढेना आणि त्यांच्या वर्गातून एकही मूल बाहेर पडेना. हॉल्डनसाहेबांनी एकदा सांगून पाहिलं, दोनदा सांगितलं. मग रीतसर भेटायला बोलावलं.

त्या दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या आणि डबा न उघडता बसल्या. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमचा निकाल चांगला आहे, पोरं तुमच्यावर जीव टाकतात, पण पॉलिसी म्हणजे पॉलिसी. येत्या शुक्रवारी शेवटच्या तासाला ते माझ्या नववीत येऊन बसणार. तीन चुका झालेल्या पोट्ट्याला मी बाहेर काढलं नाही, तर कपॅबिलिटी प्रोसेस सुरू करून राहिले."

कपॅबिलिटी प्रोसेस म्हणजे गोड शब्दांत नोकरीवरून काढण्याची पूर्वतयारी. आणि मॅडमची नोकरी म्हणजे नुसती नोकरी नव्हती. व्हिसा त्या शाळेच्या जिवावर होता. नवरा त्यांच्या व्हिसावर, गोदामात कामाला. मुलगी दहावीच्या उंबऱ्यावर. शाळेनं हात काढून घेतला की सगळं बिऱ्हाड उचलून नागपूरला.

मी पुणेरी शहाणपणानं म्हटलं, "अहो, मग काढा की एखाद्याला बाहेर! एक दिवसाचा प्रश्न. पाच मिनिटं बसेल तिकडे, परत येईल. कुणाचं काय बिघडतंय?"

मॅडमनी अंबाड्यातलं पेन काढलं, परत खोचलं. मग म्हणाल्या, "भाऊ, माझे बाबा चौथीपर्यंत वर्गाबाहेर शिकले."

मला आधी कळलंच नाही.

"भंडाऱ्याकडचं खेडं. मास्तर शिकवायला तयार होते, तेवढा माणूस बरा होता. पण आमच्या लोकांच्या पोरांनी व्हरांड्यात बसायचं. आत नाही. थंडी असो, ऊन असो. चार वर्षं दाराबाहेर बसून बाबा पाढे शिकले. मग नागपूरला काकाकडे आले, तिथं पहिल्यांदा बाकावर बसले. पुढे रेल्वेत लागले. मी टीचर झाले तेव्हा मला म्हणाले, मला काही कपडे-बिपडे नको आणू, काही पार्टी-बिर्टी नको. एकच कर. तुझ्या वर्गाबाहेर कुणी बसायला नाही पाहिजे. मग ते पोरगं कसंही असू दे. मी शब्द देऊन बसले, भाऊ. आता हॉल्डनसाहेबांना मी इंग्रजीत काय सांगू?"

माझे आजोबा सातारा जिल्ह्यात शाळामास्तर होते. त्यांच्या शिस्तीच्या गोष्टी आमच्या घरात अजून कौतुकानं सांगतात. त्यांच्या व्हरांड्यात कोण बसायचं, हे मी जन्मात कुणाला विचारलेलं नव्हतं. मी उठून चहा केला, दुसरं काय करणार?

"त्यांना हे सांगा तरी," मी म्हटलं.

"नको. मग ते कीव करतील. मला कीव नको, मला वर्ग पाहिजे."

शुक्रवार उजाडला तो वारा घेऊन. शाळेत काम केलेल्या कुणालाही विचारा, वाऱ्याच्या दिवशी मुलं अंगात आल्यासारखी वागतात. त्यात आठवड्याचा शेवटचा तास. मी भांडी धुवायचं सोडून प्लायवूडला कान लावून उभा होतो. आणि पलीकडून काहीच आवाज येईना! पाच मिनिटं झाली, दहा झाली, नुसता मार्करचा चर्रचर्र आवाज. मला धडकी भरली. एक रिकामं बीकर हातात घेऊन मी कॉरिडॉरमध्ये गेलो आणि दाराच्या काचेतून पाहिलं.

नववीचा अख्खा वर्ग पुतळ्यासारखा बसला होता. हाताच्या घड्या, पाठी ताठ. मागे कोपऱ्यात मिस्टर हॉल्डन मांडीवर टॅब्लेट घेऊन. आणि मुलांचे चेहरे बघून मला उमजलं, की यांना सगळं माहीत आहे. शाळेत भिंतींना कान नसले तरी मुलांना असतात. मिसची नोकरी आज आपल्या हातात आहे, हे त्या भैताड पोट्ट्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं. मेश्राम मॅडमचा वर्ग असा मुका झालेला बघून मला रडू यायचं बाकी राहिलं.

अर्धा तास त्यांनी तसा काढला. नववीच्या मुलांसाठी हा पराक्रमच. मग केसीच्या मागे बसलेल्या रायननं वाकून काहीतरी कुजबुजलं, तिच्या आईबद्दल, असं नंतर कळलं. दारातून मला शब्द ऐकू आले नाहीत, पण केसी वळली आणि तिनं त्याची वही भिरकावली. हॉल्डनसाहेबांनी टॅब्लेटवर बोट टेकवलं. "केसी," मॅडम हळूच म्हणाल्या. केसीनं रायनला जी शिवी घातली ती आमच्या पेठेतही छापता येणार नाही. हॉल्डनसाहेबांचं बोट दुसऱ्यांदा टेकलं. मग खुर्चीला लाथ बसली, खुर्ची आडवी झाली, आणि तिसऱ्यांदा बोट टेकायची गरजच राहिली नाही. सगळा वर्ग मॅडमकडे बघायला लागला. हॉल्डनसाहेबही.

मॅडम फळ्यापाशी उभ्या होत्या. चेहरा पांढरा. म्हणाल्या, "खुर्ची उचल, केसी. बस."

हॉल्डनसाहेबांनी घसा खाकरला. "मिसेस मेश्राम."

केसीनं त्यांच्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. मग तिनं खुर्ची उचलून सरळ केली, दप्तर खांद्याला लावलं आणि म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका, मिस. तुम्ही मला काढलं नाहीये. मी माझी जातेय." आणि ती बाहेर आली. माझ्या शेजारी, समोरच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. हनुवटी वर, डोळे भरलेले. मला म्हणाली, "आता त्यांची नोकरी राहील ना, सर?"

मी हो म्हणालो. आणि खरंच, तिथं सगळं मिटलं होतं. मूल बाहेर आलं, नियम पाळला गेला, नोकरी वाचली, आणि मॅडमनी शब्दही मोडला नव्हता. मॅडमनी फक्त गप्प बसून पुढचं गणित घालायचं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बाई, आता काही करू नका. देवाशपथ काही करू नका.

आतून मॅडमचा आवाज आला. इतकी वर्षं तो आवाज मी ऐकला, पण एवढा खणखणीत कधी नव्हता. "चला, वह्या घ्या. पेन्सिली घ्या. सगळे बाहेर!"

आणि जी झुंबड उडाली! मुका वर्ग एका दमात लग्नघर झाला. पोरं वह्या छातीशी धरून दारातून सांडायला लागली, कॉरिडॉरच्या दोन्ही कडांना फतकल मारून बसली, कुणाच्या पायावर कुणी बसलं म्हणून ओरडलं. मागून मॅडम, दोन हातांत घडीचा छोटा फळा कवटाळून. त्याचं स्टँड कधीचं मोडलेलं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि फळा सरळ केसीच्या हातात दिला. "धर नीट. वाकडा झाला तर त्रिकोण काटकोनी राहणार नाही." केसी फळा छातीशी धरून उभी राहिली, लाल केस फळ्याच्या वर, बूट फळ्याच्या खाली. मॅडमनी फळ्यावर त्रिकोण काढला आणि खालच्या फरशा दाखवून म्हणाल्या, "हे बघा, कॉरिडॉरची फरशी चौकोनी आहे. माझ्यापासून रायनपर्यंत तिरक्या रेघेत अंतर किती, फरशा मोजून काढा." रायन मान खाली घालून बसला होता. त्याला त्यांनी टोक म्हणून उभं केलं.

मिस्टर हॉल्डन शेवटी दारात आले. टॅब्लेट हातात, तोंड उघडं. बसायला जागा नव्हती, उभं राहिलं तर मुलांना फळा दिसत नव्हता. "सर, खाली बसा ना," कुणीतरी म्हणालं. त्या इस्त्रीच्या कोटासकट ते खाली बसले, गुडघे हनुवटीपाशी घेऊन. फरशी पुसणारे गृहस्थ आपलं यंत्र घेऊन आले, त्यांनी यंत्र बंद केलं आणि तेही ऐकत उभे राहिले. थोड्या वेळानं मॅडमनी विचारलं, "उत्तर कुणाला आलं?" आणि कुणीच हात वर करेना, तेव्हा म्हणाल्या, "मिस्टर हॉल्डन?" त्यांचं उत्तर चुकलं. वर्गमूळ घ्यायचं राहिलं होतं. केसीनं फळ्याच्या वरून डोकं काढून त्यांना समजावून सांगितलं.

घंटा झाली, मुलं घरी गेली. हॉल्डनसाहेब पँट झटकून निघून गेले. शनिवार-रविवार मी फोन हातात घेऊन काढले. सोमवारी जेवणाच्या सुट्टीआधी मॅडमना बोलावणं आलं.

मी डबा उघडून बसलो होतो. त्या आल्या, दार लावून घेतलं आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"बोला ना!" मी ओरडलोच.

"साहेब म्हणाले, तीन चुकांनंतर विद्यार्थिनी वर्गाच्या खोलीबाहेर गेली, हे मी स्वतः पाहिलं. तेवढं मी लिहिलंय. तिच्यामागून वर्गही बाहेर गेला, पण वर्गानं बाहेर जाऊ नये असं पॉलिसीत कुठं नाही." मॅडमना हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणीही. "मग म्हणाले, पुढच्या वर्षी ते कलम घालावं लागेल. आणि विचारलं, पुढच्या वर्षी आहात ना तुम्ही?"

मी पुण्याचा असूनही मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. मॅडमच्या डब्यातली एक वडी अख्खी तोंडात घातली आणि त्या तिखटाच्या नावावर मनसोक्त रडून घेतलं.

मॅडमनी फोन काढला. नागपुरात संध्याकाळ झालेली होती. पडद्यावर आधी छत दिसलं, मग पंखा, मग एक पांढरं डोकं, आणि शेवटी जाड भिंगाच्या चष्म्यातले म्हातारे बाबा. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे मॅडमनी सगळी हकीकत ओरडून सांगितली. पोरगी कशी आपणहून बाहेर गेली, मग आपण सगळा वर्गच तिच्याकडे कसा नेला, साहेब कसे फरशीवर बसले. बाबा मान हलवत ऐकत होते. मला वाटलं, शाबास म्हणतील. नोकरी राहिली का, ते विचारतील.

त्यांनी विचारलं, "बाहेरून त्या पोरीला फळा दिसत होता का, वंदू? आम्हाला नाही दिसायचा."

मॅडमनी अंबाड्याला हात लावला, पेन चाचपलं, हात खाली घेतला.

"बाबा," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच आवाज न चढवता म्हणाल्या, "फळा तिच्याच हातात होता."

त्यांना ते ऐकू गेलं नाही. कानामागे हात धरून ते पडद्याच्या अगदी जवळ आले. "काय म्हणून राहिली?"

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी मॅडमच्या खांद्यावरून वाकलो आणि जन्मात कधी ओरडलो नव्हतो एवढ्या मोठ्यानं ते वाक्य त्यांना सांगितलं.